‘पुढे’ आणि ‘समोर’ : पहिलीच्या वर्गातला जुना घोळ

बालवाडीच्या आणि पहिलीच्या सरावपत्रिकांत एक चित्र हमखास आढळते. मध्यभागी झाड, त्याचे खोड अर्धवट झाकणारी गाय आणि खोडाआडून डोकावणारी शेळी. खाली प्रश्न असतात : ‘झाडापुढे कोण आहे?’, ‘झाडामागे कोण आहे?’ आणि पुढच्याच पानावर तसल्याच चित्राखाली ‘झाडासमोर कोण आहे?’ पत्रिका तयार करणाऱ्याने ‘पुढे’ आणि ‘समोर’ हे शब्द आलटूनपालटून वापरलेले असतात; काही ठिकाणी तर ‘समोर × मागे’ अशी विरुद्धार्थी शब्दांची जोडीही बिनदिक्कत छापलेली दिसते. मग मूल अडखळले की त्याला शब्दयोगी अव्यये येत नाहीत, असा शेरा पडतो. मूल बहुतेक वेळा बरोबर अडखळलेले असते.

बाकीच्या स्थलवाचक शब्दांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. ‘वर’, ‘खाली’, ‘आत’, ‘बाहेर’ हे शब्द मराठी घरात वाढणाऱ्या मुलाला शाळेत येण्याआधीच येतात, कारण डबा, कपाट, पलंग आणि पायरी यांनी ते शिकवलेले असतात. ‘शेजारी’ म्हणजे बाजूला आणि ‘जवळ’ म्हणजे कोणत्याही दिशेला, पण थोड्या अंतरावर, एवढे एकदा दाखवले की पुरते. ‘मध्ये’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत खरे, परंतु ‘दोघांच्या मध्ये’ आणि ‘पेटीमध्ये’ यांत गफलत करणारे मूल सहसा सापडत नाही. बालभारतीच्या २०१८ च्या पहिलीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यांची ओळख होण्यापूर्वी ‘वर-खाली’, ‘आधी-नंतर’ आणि ‘मागे-पुढे’ यांची तयारी करून घेतलेली आहे. तिथे जोडी ‘मागे-पुढे’ अशी आहे, ‘मागे-समोर’ अशी नाही, आणि तसे असण्याला चांगले कारण आहे.

‘पुढे’ या शब्दाला दिशा लागते आणि ‘समोर’ या शब्दाला तोंड लागते. रांग, रस्ता, मिरवणूक, वाचत असलेले पान, अशा कोणत्याही क्रमात किंवा वाटचालीत ज्या बाजूला जायचे आहे ती बाजू म्हणजे ‘पुढे’, आणि तिच्या उलट ‘मागे’. ‘समोर’ मात्र नजरेचा शब्द आहे. ज्याच्यासमोर काही आहे त्याचे तोंड त्या वस्तूकडे असते, मग तो चालत असो वा नसो. दोन माणसांच्या बाबतीत हा फरक तपासण्याची सोपी रीत म्हणजे वाक्य उलटून पाहणे. गोट्या चिंगीच्या समोर बसला असेल, तर बहुधा चिंगीही गोट्याच्या समोर बसलेली असते. गोट्या चिंगीच्या पुढे बसला असेल, तर चिंगी गोट्याच्या मागे असते आणि तिला दिवसभर त्याची पाठ दिसते. म्हणून ‘पुढे’ला ‘मागे’ हा विरुद्धार्थी शब्द आहे आणि ‘समोर’ला तसा स्वतःचा जोडीदार नाही. ‘समोर × मागे’ ही जोडी छापणाऱ्यांनी एवढे जरी पाहिले असते तरी पुष्कळ मुलांचे गुण वाचले असते.

हे शिकवण्यासाठी रंगीत तक्त्यांची गरज नाही. मुलांना समोरासमोर दोन पंगतींत बसवावे आणि एकाने वाढपी व्हावे. ज्याच्याकडे तोंड करून आपण जेवतो तो पलीकडच्या पंगतीतला मुलगा आपल्यासमोर आहे. ताट आपल्या पुढ्यात आहे. वाढपी आपल्याला भाकरी वाढून पुढे गेला, म्हणजे आपल्या समोरच्या मुलाकडे गेला नाही, तर आपल्याच पंगतीतल्या नंतरच्या पानाकडे गेला. एकाच जागी बसून तीन वेगळ्या ठिकाणांचा अनुभव इथे मिळतो, आणि ‘पुढ्यात’ हा सुंदर शब्द, जो अलीकडच्या पत्रिकांतून जवळजवळ हद्दपार झाला आहे, तोही अनायासे कानावर पडतो. पंगतीनंतर पाणी पिण्यासाठी रांग लावली की ‘माझ्यापुढे दोघे आहेत’ हे वाक्य मुले न शिकवता म्हणतात. ‘माझ्यासमोर दोघे आहेत’ असे रांगेत म्हटले, तर ते दोघे वळून आपल्याकडे पाहत उभे असल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते.

प्रौढांचा घोळ होण्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. ज्या वस्तूला स्वतःचे तोंड आहे आणि जी जागची हलत नाही, तिच्या बाबतीत हे दोन्ही शब्द एकाच जागी येऊन पडतात. देवापुढे निरांजन लावले काय आणि देवासमोर लावले काय, निरांजन तिथेच राहते. घरापुढे अंगण आणि घरासमोर अंगण ही दोन्ही वाक्ये चालतात, कारण घराला दर्शनी बाजू असते. आरसा, देऊळ, दुकान, व्यासपीठ यांचेही तसेच. नेमकी हीच उदाहरणे पाठ्यसाहित्यात पुन्हा पुन्हा येतात आणि शब्द समानार्थी असल्याचा समज पक्का होतो. दोघांतला फरक मुलाला दाखवायचा असेल तर देवघर आणि अंगण ही उदाहरणे बाजूला ठेवावीत, आणि जिथे हे शब्द वेगळ्या जागा दाखवतात तिथून सुरुवात करावी.

रस्ता ही तशी जागा आहे. रिक्षावाल्याला ‘बँकेसमोर थांबवा’ म्हटले तर तो बँकेच्या दारात किंवा रस्त्याच्या दुसऱ्या कडेला, दाराच्या रोखाने थांबेल. ‘बँकेच्या पुढे थांबवा’ म्हटले तर बँक ओलांडून जाईल. आणि ‘बँकेच्या अलीकडे थांबवा’ म्हटले तर बँक येण्यापूर्वीच उभा राहील. मुंबईहून निघालेल्याला सातारा पुण्याच्या पुढे लागते, कोल्हापूरहून निघालेल्याला पुणे साताऱ्याच्या पुढे लागते, आणि ‘सातारा पुण्यासमोर आहे’ असे कोणीही म्हणत नाही, कारण गावांना तोंडे नसतात. इथे षष्ठीच्या ‘च्या’कडेही लक्ष द्यावे. ‘शाळेपुढे’ म्हटले की बहुधा शाळेचे आवार डोळ्यांसमोर येते आणि ‘शाळेच्या पुढे’ म्हटले की शाळा ओलांडल्यानंतरचा रस्ता. हा काटेकोर नियम नाही, पण कान तयार असलेले मूल तो फरक ऐकते, आणि शिक्षकाने बोलताना तो सांभाळावा.

आता त्या झाडाकडे येऊ. झाडाला तोंड नाही आणि ते कोठे निघालेलेही नाही. त्यामुळे ‘झाडापुढे’ आणि ‘झाडामागे’ हे पाहणाऱ्याच्या जागेवर ठरते. आपण मराठीत सहसा आपल्या बाजूची जागा ती झाडाची पुढची बाजू मानतो, जणू झाड आपल्याकडे पाहत आहे. सगळ्या भाषांत असे होत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या हौसा भाषेत आपण ज्या दिशेला पाहतो त्याच दिशेला झाडाचेही तोंड आहे असे मानण्याची रीत आढळते, आणि त्यामुळे आपण ज्याला झाडामागची बाजू म्हणू ती त्यांच्या लेखी झाडापुढची ठरते. म्हणजे जे प्रौढांना निसर्गदत्त वाटते ते प्रत्यक्षात भाषेने शिकवलेले असते, आणि शिकायला वेळ लागतो. बालभाषेचे अभ्यासक ज्युडिथ जॉन्स्टन आणि डॅन स्लोबिन यांनी १९७९ मध्ये इंग्रजी, इटालियन, सर्बो-क्रोएशियन आणि तुर्की बोलणाऱ्या लहान मुलांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आत, वर, खाली आणि शेजारी या अर्थाचे शब्द मुलांना आधी आले. तोंड असलेल्या वस्तूंचे पुढे-मागे नंतर आले, आणि तोंड नसलेल्या वस्तूंचे पुढे-मागे त्याहूनही उशिरा. आपल्या पत्रिका मात्र झाड, खोके आणि चेंडू यांनीच सुरुवात करतात.

तोंड नसलेल्या वस्तूंसाठी मराठीकडे याहून नेमके शब्द आहेत, ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’. गाय झाडाच्या अलीकडे आहे, शेळी पलीकडे आहे, इतके म्हटले की वाद उरत नाही, कारण या शब्दांत पाहणाऱ्याची जागा आधीच धरलेली असते. नदीच्या काठी राहणाऱ्या मुलांना ते आपसूक येतात. हे दोन शब्द पहिलीच्या साहित्यात आले पाहिजेत, आणि खोक्यापुढचा चेंडू तिथून गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

शिकवण्याचा क्रमही यावरून ठरतो. प्रथम मुलाचे स्वतःचे शरीर, म्हणजे पोटाकडची बाजू आणि पाठीकडची बाजू. त्यानंतर बाहुली, बैल, खेळण्यातली बस, म्हणजे ज्यांना तोंड आहे अशा वस्तू. झाड आणि खोके अगदी शेवटी. बसचे चित्र घेतले तर ते आडवे असते हे विसरू नये. डावीकडे तोंड केलेल्या बसच्या पुढे उभा असलेला माणूस चित्रात डाव्या टोकाला असतो. आपल्या बाजूला, खिडक्यांच्या खाली काढलेला माणूस बसच्या पुढे नसतो आणि बससमोरही नसतो, तो बसच्या बाजूला असतो. उत्तरसूचीत मात्र तो ‘बससमोर’ म्हणून दिलेला आढळतो. आणखी एक अडचण शिक्षक स्वतः निर्माण करतात : मुलांकडे तोंड करून उभे राहतात आणि ‘एक पाऊल पुढे’ म्हणत स्वतः एक पाऊल पुढे टाकतात, त्यामुळे मुलांना दिसते ते आपल्या दिशेने येणारे पाऊल. कृती दाखवताना शिक्षकाने मुलांकडे पाठ करावी. त्यात अपमान नाही.

विदर्भातल्या शिक्षकांना आणि पालकांना हे सगळे वाचताना थोडे परके वाटेल, कारण नागपूर-अमरावतीकडे ‘समोर चला’, ‘समोर सरका’ हे सहज बोलले जाते आणि तिथे ‘समोर’ हा शब्द प्रमाण मराठीतल्या ‘पुढे’चे कामही करतो. ती चूक नाही, ती त्या भागाची बोली आहे, आणि मुलाच्या तोंडून ती खोडून काढण्याची गरज नाही; पुस्तकात या दोन शब्दांच्या जागा वेगळ्या आहेत एवढे सांगावे. इंग्रजी माध्यमातल्या किंवा अमेरिकेतल्या मराठी शाळांतल्या मुलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्याकडे ‘इन फ्रंट ऑफ’ हा एकच शब्दप्रयोग रांगेतल्या पुढच्यासाठीही असतो आणि टेबलापलीकडच्या समोरच्यासाठीही, त्यामुळे ते मराठीतही एकच शब्द धरून बसतात, बहुधा ‘समोर’. त्यांना पंगतीचा खेळ सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

लेखनाबद्दल एकच. शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून लिहायचे असते. ‘गेट समोर गाडी लावू नये’ या पाट्या वाचून वाढणारे मूल ‘घरा समोर’, ‘शाळे पुढे’ असेच लिहिणार. ‘घरा’ आणि ‘शाळे’ ही सामान्यरूपे आहेत, ती एकटी उभी राहत नाहीत.

काळाचा अर्थ पहिलीत उकरून काढू नये. ‘मागच्या सोमवारी’ आणि ‘पुढच्या सोमवारी’ हे मुले बोलण्यातून उचलतात, पण ‘परीक्षा पुढे ढकलली’ म्हणजे ती लवकर आली की लांबली, हे चित्रे काढून समजावण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. त्या वयाला ‘आधी-नंतर’ पुरेसे आहे. संख्यांचे मात्र लगेच करावे, कारण तिथे दिशा स्पष्ट असते आणि ‘पुढे’ शब्द चपखल बसतो. पाचच्या लगतची पुढची संख्या सहा आणि मागची चार. त्याच पानावर ‘चित्रासमोर योग्य अंक लिहा’ अशी सूचना असतेच, आणि तीही बरोबर असते : मुलाने अंकांच्या ओळीत पुढे जायचे नाही, चित्राच्या रोखाने असलेल्या रिकाम्या चौकटीत लिहायचे आहे.