जावा प्रोग्राम सुरू होताना येणाऱ्या त्रुटी

जावा भाषेतील प्रोग्राम सुरू करण्याची आज्ञा दिल्यापासून त्याच्या मेन मेथडमधील पहिले विधान अमलात येईपर्यंतच्या काळात उद्भवणारे दोष आणि ते शोधण्याच्या रीती हा या नोंदीचा विषय आहे. सन मायक्रोसिस्टीम्सने १९९५ मध्ये जावा जाहीर केली तेव्हा एकदा लिहिलेला प्रोग्राम कोणत्याही संगणकावर चालावा, असे तिचे ब्रीद होते. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी विकत घेतल्यानंतरही ते कायम राहिले. प्रोग्राम कंपाइल केल्यावर मिळणाऱ्या बाइटकोड या मधल्या सांकेतिक रूपाच्या बाबतीत हे ब्रीद बऱ्याच अंशी खरे आहे. मात्र बाइटकोड चालवणारे जेव्हीएम हे आभासी यंत्र आणि ते यंत्र उभे करणारा ‘जावा’ नावाचा छोटा लाँचर या दोन्ही गोष्टी प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमसाठी व प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरसाठी वेगळ्या बांधाव्या लागतात. त्यामुळे एका संगणकावर सुरळीत चालणारी जार फाइल (प्रोग्रामच्या क्लास फाइलींचा एकत्रित गठ्ठा) दुसऱ्यावर सुरूच होत नाही, तेव्हा दोष बहुधा प्रोग्राममध्ये नसून त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेत असतो.

प्रोग्राम सुरू होण्याची क्रिया ठरावीक क्रमाने घडते. प्रथम शेल (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) किंवा डेस्कटॉप लाँचरची फाइल शोधतो. लाँचर आपल्या स्थापनेतून जेव्हीएमची लायब्ररी स्मृतीत आणतो. विंडोजवर ती डीएलएल, लिनक्सवर एसओ आणि मॅकओएसवर डायलिब प्रकारची असते. मग दिलेले पर्याय तपासून तो जेव्हीएम उभे करतो, क्लास लोडर हा त्याचा भाग मुख्य क्लास (मेन मेथड असलेला क्लास) शोधून वाचतो आणि शेवटी मेन मेथडला हाक जाते. त्रुटीचा संदेश वाचताना तो यांपैकी कोणी दिला आहे हे आधी ओळखावे, कारण शेलने दिलेल्या संदेशावर जावाच्या पर्यायांत उपाय शोधणे किंवा क्लास लोडरच्या तक्रारीवर जावा पुन्हा स्थापित करणे, हे दोन्ही निष्फळ ठरते. पुन्हा स्थापना करणे हा सर्वाधिक वापरला जाणारा आणि सर्वांत कमी वेळा उपयोगी पडणारा उपाय आहे.

लाँचर न सापडणे

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘जावा’ ही अंतर्गत किंवा बाह्य आज्ञा म्हणून ओळखता येत नाही, असा संदेश येतो. लिनक्सवरील शेल ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणतो. हे दोन्ही संदेश जावाचे नाहीत. पाथ या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये नोंदलेल्या फोल्डरांत त्या नावाची फाइल नाही, एवढाच त्यांचा अर्थ असतो. पाथ दुरुस्त केल्यावरही आधीपासून उघडी असलेली टर्मिनलची खिडकी जुनीच किंमत वापरत राहते, म्हणून ती बंद करून नवी उघडावी लागते. मॅकओएसमध्ये ‘जावा’ नावाची एक फाइल व्यवस्थेसोबतच येते, पण तो केवळ मध्यस्थ असतो. खरी जावा स्थापित नसेल तर तो जावा रनटाइम सापडत नसल्याचे सांगतो. त्यामुळे तेथे फाइल सापडली म्हणजे जावा आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

याहून फसवी स्थिती संगणकावर एकापेक्षा अधिक जावा असल्यास निर्माण होते. पाथमध्ये जे फोल्डर आधी येते त्यातला लाँचर चालतो आणि विंडोजवर संपूर्ण संगणकासाठीचा पाथ वापरकर्त्याच्या पाथच्या आधी जोडला जात असल्याने, वापरकर्त्याने आपल्या खात्यात केलेला बदल कधी कधी निष्प्रभ ठरतो. जावा-होम या व्हेरिएबलविषयीही गैरसमज आढळतो. जावाचा लाँचर ते पाहत नाही. मेव्हन, ग्रेडल, टॉमकॅट यांसारख्या साधनांच्या स्क्रिप्ट ते वाचतात. म्हणूनच टर्मिनलवर एक आवृत्ती दिसते आणि त्याच टर्मिनलवरून चालवलेले मेव्हन दुसऱ्याच आवृत्तीवर चालते. या व्हेरिएबलमध्ये स्थापनेच्या मुख्य फोल्डरचा पत्ता द्यायचा असतो, त्यातील ‘बिन’ या उपफोल्डरचा नव्हे. पाथमध्ये एकूण किती लाँचर आहेत हे विंडोजवर ‘व्हेअर’ आणि इतरत्र ‘विच -ए’ या आज्ञेने कळते. डेबियन कुळातील लिनक्सवर ‘अपडेट-अल्टरनेटिव्हज’ने त्यांतील एकाची निवड करता येते. चिन्हावर क्लिक करून सुरू केलेल्या प्रोग्रामला शेलच्या आरंभीच्या फाइलींत लिहिलेला पाथ मिळेलच असे नाही. विशेषतः मॅकओएसच्या फाइंडरमधून तो मिळत नाही, आणि टर्मिनलवरून चालणारा प्रोग्राम चिन्हावरून चालत नाही याचे कारण बऱ्याचदा हेच असते.

आवृत्त्यांचा मेळ

प्रत्येक क्लास फाइलचे पहिले चार बाइट षोडशमान पद्धतीत ‘कॅफेबेब’ असे वाचले जातात आणि त्यांच्यानंतर त्या फाइलच्या स्वरूपाचा आवृत्ती क्रमांक असतो. जावा ८ साठी हा क्रमांक ५२, ११ साठी ५५, १७ साठी ६१ आणि २१ साठी ६५ आहे. म्हणजे क्रमांकातून ४४ वजा केले की जावाची आवृत्ती मिळते. जुन्या जेव्हीएमला स्वतःपेक्षा नवी फाइल मिळाली तर ते अनसपोर्टेड-क्लास-व्हर्जन एरर देते आणि त्या संदेशात दोन्ही क्रमांक लिहिलेले असतात. ६१ आणि ५२ हे आकडे दिसले की प्रोग्राम १७ साठी बांधलेला असून चालवणारी जावा ८ आहे, हे लगेच स्पष्ट होते. यावर नवी जावा वापरणे किंवा कंपायलरला ‘रिलीज’ हा पर्याय देऊन जुन्या आवृत्तीसाठी पुन्हा बांधणे हे उपाय आहेत. जावा ९ पासून उपलब्ध असलेला हा पर्याय आधीच्या ‘सोर्स’ व ‘टार्गेट’ या जोडीपेक्षा अधिक विश्वसनीय आहे, कारण त्या आवृत्तीत अस्तित्वात नसलेल्या क्लासचा वापरही तो अडवतो. संदेशातील क्लासचे नावही अवश्य पाहावे. पुष्कळदा प्रोग्राम जुन्या आवृत्तीसाठीच बांधलेला असतो आणि त्याने ओढून घेतलेली एखादी लायब्ररी तेवढी नवी असते.

उलट दिशेची अडचण, म्हणजे जुना प्रोग्राम नव्या जावावर न चालणे, पूर्वी क्वचित येई. २०१७ मधील जावा ९ ने मॉड्यूल पद्धत आणली आणि हे बदलले. जावा ११ ने एक्सएमएलशी संबंधित जेएएक्सबी आणि तिच्यासोबतचे काही भाग मूळ संचातून वगळले; त्यामुळे त्यांवर विसंबलेले प्रोग्राम क्लास सापडत नाही म्हणून थांबतात आणि त्या लायब्ररी वेगळ्या जोडाव्या लागतात. ब्राउझरमधून जेएनएलपी फाइलद्वारे प्रोग्राम सुरू करणारे वेब स्टार्टही त्याच आवृत्तीपासून ओरॅकलच्या संचात राहिले नाही. जावाच्या अंतर्गत क्लासमध्ये रिफ्लेक्शनने (चालू असताना क्लासच्या आत डोकावण्याच्या सोयीने) शिरकाव करणाऱ्या प्रोग्रामांना १६ आणि १७ या आवृत्त्यांनी अटकाव केला, तेव्हापासून इनॲक्सेसिबल-ऑब्जेक्ट एक्सेप्शन दिसू लागले. ‘ॲड-ओपन्स’ या पर्यायाने तेवढी वाट मोकळी करता येते. मात्र तो तात्पुरता इलाज समजावा आणि संबंधित लायब्ररीची नवी आवृत्ती घ्यावी.

मुख्य क्लास न सापडणे

मुख्य क्लास सापडला नाही किंवा लोड करता आला नाही, हा संदेश नवशिक्यांना सर्वाधिक भेटतो आणि त्यामागची कारणे अनेक आहेत. लाँचरला फाइलचे नाव द्यायचे नसून क्लासचे पूर्ण नाव द्यायचे असते. ‘मेन.क्लास’ असे लिहिल्यास तो ‘मेन’ नावाच्या पॅकेजमधील ‘क्लास’ नावाचा क्लास शोधू लागतो. पॅकेजमधील क्लास चालवताना त्या पॅकेजच्या फोल्डरच्या आत न जाता त्याच्या वरच्या, म्हणजे मुळाच्या फोल्डरमध्ये राहून आज्ञा द्यावी लागते. क्लास लोडर नावातील लहानमोठ्या अक्षरांचा भेद काटेकोरपणे पाळतो. विंडोज आणि मॅकओएसच्या फाइल व्यवस्था सहसा तो पाळत नाहीत आणि लिनक्सची पाळते, त्यामुळे आयकॉन किंवा सेटिंग फाइलींची नावे लिहिताना झालेली चूक लिनक्सवर गेल्यावरच उघडकीस येते.

क्लासपाथ म्हणजे क्लास कुठे शोधायचे त्या पत्त्यांची यादी. तिच्यातील पत्ते वेगळे करण्यासाठी विंडोजवर अर्धविराम, तर लिनक्स व मॅकओएसवर अपूर्णविराम वापरतात. एकीकडची आज्ञा जशीच्या तशी दुसरीकडे नेल्यास विंडोजला ती संपूर्ण ओळ एकच चुकीचा पत्ता वाटते, आणि लिनक्सचा शेल अर्धविरामापाशी आज्ञा संपली असे समजून पुढचा मजकूर नवी आज्ञा म्हणून चालवू पाहतो. एखाद्या फोल्डरमधील सर्व जार फाइली घेण्यासाठी तारांकन वापरता येते, पण लिनक्सच्या शेलने त्याचा विस्तार करू नये म्हणून ते अवतरणचिन्हांत ठेवावे लागते; शिवाय उपफोल्डरांतील जार त्यात येत नाहीत. आणखी एक नियम वारंवार विसरला जातो: ‘-जार’ हा पर्याय वापरला की ‘-सीपी’ने दिलेला क्लासपाथ आणि क्लासपाथ नावाचे व्हेरिएबल ही दोन्ही दुर्लक्षिली जातात. अशा वेळी इतर जार फाइलींचे पत्ते मॅनिफेस्टमध्येच लिहिलेले असावे लागतात.

मॅनिफेस्ट ही जार फाइलच्या आतील माहितीपत्रिका होय. तिच्यात मुख्य क्लासचे नाव नसेल तर लाँचर तशी तक्रार करतो. अशी जार बहुधा चालवण्यासाठी नव्हे, तर लायब्ररी म्हणून बांधलेली असते. अनेक जार एकत्र करून एक मोठी जार बनवताना मूळ लायब्ररींच्या डिजिटल सह्यांच्या फाइली आत राहून गेल्या, तर सही मॅनिफेस्टशी जुळत नाही असे सांगून जेव्हीएम थांबते. त्या फाइली बांधणीतून वगळल्या की प्रश्न सुटतो. जावा ८ वर यांपैकी कित्येक दोष ‘जेएनआय त्रुटी उद्भवली, स्थापना तपासा’ अशा संदेशाखाली येतात. हा संदेश दिशाभूल करणारा आहे, कारण स्थापना बहुतेक वेळा ठीकच असते आणि खरे कारण त्याच्या सोबत छापलेल्या ओळींत असते.

क्लास-नॉट-फाउंड एक्सेप्शन आणि नो-क्लास-डेफ-फाउंड एरर यांतही भेद आहे. पहिल्यात नावाने मागितलेला क्लास मिळत नाही. दुसऱ्यात कंपाइल करताना उपलब्ध असलेला क्लास चालवताना मिळत नाही किंवा त्याची आरंभीची तयारी आधीच फसलेली असते; या दुसऱ्या शक्यतेत मूळ कारण लॉगमध्ये बरेच वर आढळते.

स्मृती आणि पर्याय

जेव्हीएम उभे करता आले नाही, असा संदेश आल्यास त्याच्या शेजारची ओळ वाचावी. एखादा पर्याय ओळखता येत नाही असे तेथे लिहिले असेल, तर तो चुकीचा लिहिलेला असतो किंवा आवृत्तीगणिक रद्द झालेला असतो. उदाहरणार्थ, मॅक्स-पर्म-साइझ हा पर्याय जावा ८ केवळ इशारा देऊन सोडून देते, तर जावा १७ त्यावर सुरूच होत नाही. हीपसाठी (प्रोग्रामच्या ऑब्जेक्टसाठी राखलेल्या स्मृतीसाठी) पुरेशी जागा राखता आली नाही, ही तक्रार ३२-बिट जावावर नेहमीची आहे. तिला सलग जागा हवी असते आणि विंडोजवर ती व्यवहारात दीड जीबीच्या आसपासच मिळते, मग संगणकात स्मृती कितीही असो. काही न सांगता दिलेली हीपची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे संगणकाच्या स्मृतीच्या एक चतुर्थांश असते. कंटेनरमध्ये (प्रोग्राम इतरांपासून वेगळा ठेवून चालवण्याच्या कप्प्यात) त्या कप्प्याला ठरवून दिलेली स्मृतीची मर्यादा ओलांडल्यास लिनक्स ती प्रक्रिया सरळ मारते; जावाचा कोणताही संदेश उरत नाही, केवळ १३७ हा निर्गम क्रमांक (प्रक्रिया संपताना मिळणारा आकडा) दिसतो.

ऑपरेटिंग सिस्टीमगणिक अडचणी

विंडोजवर जार फाइलवर दोनदा क्लिक केल्यास ती सहसा ‘जावाडब्ल्यू’ या खिडकी नसलेल्या लाँचरने उघडते. त्याला कन्सोल नसल्याने त्रुटी दिसतच नाही, म्हणून तीच फाइल टर्मिनलवरून ‘जावा’ने चालवून पाहावी. संकुचित फाइली उघडणाऱ्या एखाद्या प्रोग्रामने जार फाइलींचा ताबा घेतला असेल तर फाइल चालण्याऐवजी तिच्यातील सामग्री उघडते. मॅकओएसवर इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीला विलगीकरणाची खूण लागते आणि गेटकीपर ही सुरक्षा व्यवस्था ती चालू देत नाही. फाइल खराब झाल्याचा संदेश अशा वेळी शब्दशः घेऊ नये. खिडक्या बनवणाऱ्या एसडब्ल्यूटी या लायब्ररीवर आधारलेल्या प्रोग्रामांना तेथे खिडक्यांचे काम पहिल्याच थ्रेडवर करावे लागते आणि त्यासाठी लाँचरला खास पर्याय द्यावा लागतो.

लिनक्सवर सर्व्हरसाठीची ‘हेडलेस’ (पडद्याविना चालणारी) जावा स्थापित असेल तर खिडक्यांचे प्रोग्राम हेडलेस एक्सेप्शनने किंवा लायब्ररी न सापडल्याने बंद पडतात. फाइल डोळ्यांसमोर असूनही शेल ‘अशी फाइल नाही’ म्हणतो, तेव्हा बहुधा त्या फाइलला हवा असलेला सिस्टीमचा लोडर नसतो. ग्लिबसी या सी भाषेच्या मूळ लायब्ररीसाठी बांधलेली जावा, तिच्याऐवजी मसल लायब्ररीवर चालणाऱ्या अल्पाइन लिनक्सवर नेली की हेच घडते. विंडोजवर लिहिलेल्या स्क्रिप्टमधील ओळीच्या शेवटचे अदृश्य चिन्हही लिनक्सवर इंटरप्रिटर न सापडल्याची तक्रार निर्माण करते.

मूळ यंत्रभाषेतील लायब्ररी वापरणाऱ्या प्रोग्रामांत अनसॅटिस्फाइड-लिंक एरर येते. येथे लायब्ररीची जुळणी चालणाऱ्या जेव्हीएमच्या प्रकाराशी व्हावी लागते, संगणकाच्या प्रकाराशी नव्हे. २०२० पासूनच्या ॲपल सिलिकॉन संगणकांवर रोझेटा या यंत्रभाषेच्या अनुवादकाद्वारे इंटेलसाठीची जावा चालू शकते आणि त्या जावाला इंटेलसाठीचीच लायब्ररी लागते. ३२-बिट आणि ६४-बिट यांचा मेळ नसल्यास असेच होते; एक्लिप्स हे प्रोग्राम लिहिण्याचे साधन सुरू होताना दिसणारा १३ हा निर्गम क्रमांक बहुधा त्याचाच निदर्शक असतो.

निदानाची साधने

‘-व्हर्जन’ने आवृत्ती आणि ती ६४-बिट आहे की नाही हे कळते, तर ‘शो-सेटिंग्ज’ या पर्यायाने जेव्हीएमने स्वीकारलेले सर्व पत्ते व मर्यादा छापल्या जातात. क्लास कोणत्या जारमधून आला हे ‘-व्हर्बोज:क्लास’ दाखवते. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या क्लासपाथमध्ये असल्याचा संशय याच पर्यायाने फिटतो. आरंभी ‘पिक्ड अप’ अशी ओळ छापली गेली तर जावा-टूल-ऑप्शन्ससारख्या एखाद्या व्हेरिएबलमधून बाहेरचे पर्याय मिसळले जात आहेत, असे समजावे. जेव्हीएम स्वतःच कोसळल्यास ते चालू फोल्डरमध्ये ‘एचएस-एर’ने सुरू होणाऱ्या नावाची नोंदफाइल ठेवते, आणि तिच्यातील ‘प्रॉब्लेमॅटिक फ्रेम’ ही ओळ कोणत्या लायब्ररीत घात झाला ते सांगते.

वितरकाच्या बाजूने यांतील अनेक अडचणी टाळण्यासाठी जावा ९ मधील जेलिंक आणि जावा १६ मध्ये स्थिरावलेले जेपॅकेज ही साधने आहेत. त्यांच्या साहाय्याने प्रोग्रामसोबत त्याला लागेल तेवढीच जावा बांधून देता येते, त्यामुळे पाथ, आवृत्ती आणि क्लासपाथ यांचे बहुतेक प्रश्न वापरकर्त्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्याची किंमत अशी की एका जार फाइलीच्या जागी प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमसाठी आणि प्रत्येक प्रोसेसर कुळासाठी स्वतंत्र संच बांधावा लागतो आणि जेपॅकेजचा संच त्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर तयार करावा लागतो.