कांद्याचा कोंब, पेशीतले पाणी आणि गॅमा किरण

नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या ‘कृषक’ या प्रकल्पात कोबाल्ट-60 मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची साधारण 60 ते 90 ग्रे (शोषलेल्या ऊर्जेचे एकक) मात्रा दिली, की कांद्याला कोंब येणे थांबते. माणसाच्या सर्वांगाला एकदम चार-पाच ग्रे मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर निम्म्याच्या आसपास माणसे दगावतात. विशेष म्हणजे चार ग्रे म्हणजे किलोमागे अवघी चार जूल ऊर्जा, जिने शरीराचे तापमान अंशाच्या हजाराव्या भागाएवढेच वाढेल. तेव्हा घात उष्णतेने होत नाही, तो रेणूंच्या पातळीवर होतो.

पेशीत सर्वाधिक असते ते पाणी. त्यामुळे किरणांची बरीचशी ऊर्जा पाण्याच्या रेणूंवरच पडते आणि ते फुटून हायड्रॉक्सिल हे अतिशय आक्रमक मुक्त मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला रेणूचा तुकडा) तयार होते. ते क्षणभरही टिकत नाही. पण जवळ डीएनए असेल तर त्याची साखळी तोडते. एका ग्रेमागे मानवी पेशीत सुमारे हजार ठिकाणी डीएनएचा एक धागा तुटतो, तर तीस-चाळीस ठिकाणी दोन्ही धागे तुटतात. एक धागा तुटला तर समोरचा धागा पाहून दुरुस्ती करता येते. दोन्ही तुटले आणि पेशी तशीच विभागू लागली, तर गुणसूत्रांचे तुकडे गळतात किंवा चुकीच्या जागी जोडले जातात. कांद्याच्या गाभ्यातल्या, कोंब घडवणाऱ्या पेशी विभागणाऱ्या असतात, म्हणून त्याच निकामी होतात; बाहेरच्या पाकळ्यांतल्या पेशी विभागत नसल्याने कांदा खाण्याजोगा राहतो. असा कांदा किरणोत्सारी होतो ही भीती मात्र निराधार आहे, कारण अणुकेंद्र अस्थिर करण्याइतकी ऊर्जा या किरणांत नसते.

हीच मूलके किरणांवाचूनही निर्माण होतात. श्वासातल्या ऑक्सिजनपासून पेशीतल्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) ऊर्जा बनवत असताना थोडा ऑक्सिजन सुपरऑक्साइडच्या रूपात निसटतो. त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड होते आणि लोहाच्या संपर्कात त्यातून पुन्हा हायड्रॉक्सिल जन्मते. संरक्षक विकरांना (एन्झाइमांना) हा भार आवरेनासा झाला, की त्या स्थितीला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक असलेल्या ग्वानिनला ऑक्सिजन चिकटला, तर डीएनएची नक्कल होताना त्याच्यासमोर सायटोसिन या नेहमीच्या जोडीदार अक्षराऐवजी ॲडेनिन बसू शकते आणि उत्परिवर्तन कायम होते.

डीएनएची चर्चा खूप होते, प्रथिनांची कमी, आणि मला ही उणीव मोठी वाटते. डायनोकॉकस रेडिओड्युरान्स हा जिवाणू 5000 ग्रे मात्रा सोसतो. त्याचा डीएनए इतर जिवाणूंइतकाच तुटतो. फरक असा, की त्याच्यातली मँगनीजची संयुगे प्रथिनांचे ऑक्सिडीकरण रोखतात आणि दुरुस्ती करणारी विकरे शाबूत राहतात. ऑक्सिडीकरणामुळे ज्या प्रथिनांवर कार्बोनिल गट (कार्बन-ऑक्सिजनची जोडी) तयार होतात, ती सहसा दुरुस्त होत नाहीत. पेशीला ती मोडून नवी घडवावी लागतात.

डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यात ही सोय नाही. तिथली क्रिस्टलिन प्रथिने जन्मभर तीच राहतात, त्यांची हानी साठत जाते आणि मोतीबिंदूला हातभार लागतो. शिवाय किरणांमुळे भिंगाच्या विभागणाऱ्या पेशींच्या डीएनएलाही इजा होते. म्हणून 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने, व्यवसायामुळे डोळ्याच्या भिंगाला मिळणाऱ्या मात्रेची शिफारस केलेली मर्यादा वर्षाला 150 मिलिसिव्हर्टवरून (सजीवावरच्या परिणामानुसार मात्रा मोजण्याचे एकक), पाच वर्षांच्या सरासरीने, 20 वर आणली. क्ष-किरणांखाली अँजिओप्लास्टी करणाऱ्या डॉक्टरांनी शिसेयुक्त काचेचा चष्मा वापरणे म्हणूनच आवश्यक ठरते.