डीएनएने सुटलेले कैदी आणि टिकलेला मुद्देमाल

खुनाच्या तपासात डीएनए पहिल्यांदा वापरला गेला, तेव्हा आरोपी अडकला नाही, सुटला. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाचे शास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांना सप्टेंबर १९८४ मध्ये डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत सापडली. जवळच्याच एंडरबी परिसरात १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते. दुसऱ्या खुनाची कबुली एका १७ वर्षांच्या मुलाने दिली होती. चाचणीत दोन्हीकडचे वीर्य एकाच पुरुषाचे निघाले, पण या मुलाचे नव्हे.

जुन्या खटल्यांत ही पद्धत अडायची. तिला डीएनएचे लांब, न तुटलेले धागे भरपूर लागत. दहा वर्षांच्या डागात ते कुठून मिळणार? पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्राने, ही अडचण दूर केली. दर आवर्तनात प्रती दुप्पट होतात, त्यामुळे तीसेक आवर्तनांत पुरेसा नमुना तयार होतो. सुरुवातीच्या पीसीआर चाचण्यांत डीक्यू-अल्फा हे एकच जनुक तपासत. त्याचे प्रकार मोजकेच असल्याने गुन्हेगार नेमका सांगता येत नसे, मात्र ‘हा नव्हे’ एवढे ठामपणे सांगता येई. निरपराधाला तेवढे पुरे.

अमेरिकेतील मेरीलँड राज्यातले कर्क ब्लड्सवर्थ यांना १९८५ मध्ये नऊ वर्षांच्या मुलीच्या खुनासाठी फाशी सुनावली गेली. पाच साक्षीदारांनी त्यांना ओळखले होते. फेरखटल्यात जन्मठेप झाली. मुद्देमाल नष्ट झाल्याचे आधी कळवले गेले. नंतर तो न्यायाधीशांच्या कपाटात सापडला. पूर्वीच्या तपासणीत न दिसलेला वीर्याचा डाग मुलीच्या अंतर्वस्त्रावर मिळाला, त्यातला डीएनए त्यांचा निघाला नाही आणि २८ जून १९९३ रोजी ते सुटले. फाशी सुनावलेला माणूस डीएनएमुळे निर्दोष ठरल्याची अमेरिकेतली ही पहिली घटना. खरा गुन्हेगार २००३ मध्ये डीएनए नोंदींतूनच सापडला.

आज एक नॅनोग्रॅम (ग्रॅमचा अब्जावा भाग) किंवा त्याहून कमी डीएनए चालतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय डीएनए नोंदीत २०१७ पासून डीएनएवरच्या १३ ऐवजी २० मुख्य जागा जुळवतात. तरी घोळ होतात, आणि बहुतेक प्रयोगशाळेच्या आधीच. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंडले की जीवाणू डीएनए खातात. म्हणून वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे. पीडितेच्या जोडीदाराचा नमुना घेतला नसेल, तर कैद्याशी न जुळलेले वीर्य त्या जोडीदाराचेच असेल, असा युक्तिवाद सरकारी वकील करतात. तो दरवेळी खोटा नसतो.

शिक्षेनंतरच्या चाचणीसाठी न्यूयॉर्कने १९९४ मध्ये आणि संघराज्याने २००४ मध्ये कायदा केला. मात्र असा घटनादत्त हक्क नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले.

भारतात असा वेगळा कायदा नाही. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतील फाशीच्या एका कैद्याला सोडताना सर्वोच्च न्यायालयाने डीएनएचा पुरावाच बाजूला ठेवला, कारण नमुने कोणाकडून कोणाकडे गेले याचा धड माग नव्हता. त्याच निकालात देशभरासाठी सूचना आल्या: नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवायचा, न्यायालयाच्या परवानगीशिवाय सील उघडायचे नाही आणि प्रत्येक हस्तांतराची नोंद रजिस्टरमध्ये ठेवायची.