कळप, भाऊबंद आणि सुना: गवताळ मैदानांवरच्या विषमतेची पार्श्वभूमी

इसवी सनपूर्व पाचव्या शतकात हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या भटक्या टोळ्यांबद्दल दोन गोष्टी लिहून ठेवल्या. पहिली सौरोमती टोळीची. तिथल्या बायका घोड्यावर बसून शिकारीला आणि लढाईला जातात, आणि शत्रूचा एक पुरुष मारल्याशिवाय मुलीचं लग्न होत नाही. दुसरी त्यांच्या शेजारच्या सिथियन लोकांची. राजा मेला की त्याच्या एका रखेलीला गळा आवळून मारतात आणि आचारी, मोतद्दार, खासगी सेवक, घोडे यांच्यासोबत तिलाही त्याच्या थडग्यात पुरतात. दोन्ही वर्णनं एकाच ग्रंथाच्या एकाच भागात आहेत.

भटक्या लढवय्या समाजांतल्या स्त्रियांबद्दल आज जे लिहिलं जातं, त्यात बहुधा यांतली एकच गोष्ट उचललेली असते. कुणाला धनुर्धारी वीरांगना हव्या असतात, कुणाला स्त्रीदास्याचा उगम घोडेस्वारांच्या माथी मारायचा असतो. माझ्या मते या दोन्ही गोष्टी एकाच समाजरचनेतून आल्या, आणि ती रचना समजून घ्यायची तर तलवारीकडे पाहण्याआधी जनावरांच्या कळपाकडे पाहायला हवं.

या प्रश्नावरचा वाद जुना आहे. १८६१ मध्ये योहान बाखोफेन या स्विस विद्वानाने मांडलं की, मानवी समाज आधी मातृसत्ताक होता आणि पितृसत्ता नंतर आली. फ्रेडरिक एंगल्सने १८८४ मध्ये त्याला आर्थिक कारण जोडलं: जनावरांचे कळप ही पुरुषांच्या ताब्यातली संपत्ती झाली, ती आपल्याच मुलांकडे जावी म्हणून आईकडून चालणारा वंश मोडला गेला. आपल्याकडे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३-१९२६) यांनी वेद, महाभारत आणि यज्ञविधी तपासून विवाहसंस्था मुळातच आजच्यासारखी नव्हती, ती टप्प्याटप्प्याने घडली, असं निर्भीडपणे दाखवलं. त्यांच्या लेखनाने त्या काळी मोठी खळबळ उडाली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिथुआनियात जन्मलेल्या मारिया गिम्बुटास (१९२१-१९९४) या पुरातत्त्वज्ञ बाईंनी सर्वांत ठळक चित्र रंगवलं. त्यांच्या मते प्राचीन युरोपातले शेतकरी शांत आणि स्त्रीला मान देणारे होते. काळ्या समुद्राच्या वरच्या मैदानांतून आलेल्या, मृतांवर मातीची टेकाडं रचणाऱ्या पशुपालकांनी तो समाज मोडला आणि आपली भाषा, आपले देव आणि आपली पुरुषसत्ता तिथे लादली. स्थलांतराचा भाग खरा ठरला. २०१५ मध्ये प्राचीन डीएनएच्या अभ्यासांनी दाखवलं की इसवी सनपूर्व ३००० च्या सुमारास याम्नाया नावाने ओळखल्या जाणाऱ्या पशुपालकांचा वंश मध्य युरोपात मोठ्या प्रमाणावर पसरला.

शांत, समतावादी शेतकऱ्यांचा भाग मात्र टिकला नाही. जर्मनीतल्या टालहाइम इथे इसवी सनपूर्व ५००० च्या आसपासचा एक खड्डा आहे. त्यात मारून टाकलेल्या ३४ माणसांचे सांगाडे मिळाले. ऑस्ट्रियातल्या श्लेट्झ इथल्या तशाच हत्याकांडात तरुण बायका संख्येने फारच कमी दिसतात. त्यांना पळवून नेलं असावं, असा तर्क आहे. फ्रान्समधल्या गुर्जी इथली साडेसहा हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी शांततेच्या काळातली आहे, पण तिथेही सात पिढ्या मुलगे घरी राहिले आणि मुली लग्न होऊन दुसरीकडे गेल्या. हे सगळे शेतकरी होते, आणि मैदानातले पशुपालक तिथे पोचायला अजून दीड-दोन हजार वर्षं होती. उलट तुर्कस्तानातल्या चातालहोयुक या त्याहून जुन्या वस्तीत स्त्री-पुरुषांचा आहार आणि दफन यांत फारसा फरक आढळत नाही. तेव्हा विषमतेचं एकच जन्मस्थान शोधण्यात अर्थ नाही. भटक्या पशुपालकांनी तिला एक विशिष्ट, घट्ट आकार दिला, आणि तो आकार कसा बनला हे बऱ्यापैकी सांगता येतं.

कळप ही संपत्ती शेतापेक्षा वेगळी वागते. जमीन पळवून नेता येत नाही, गुरं एका रात्रीत हाकून नेता येतात. चांगल्या पावसाच्या काही वर्षांत कळप झपाट्याने वाढतो आणि एका वाईट हिवाळ्यात निम्मा मरतो, म्हणून घराघरांतली तफावतही झपाट्याने वाढते. असा कळप राखायला विश्वासाची, हत्यार धरणारी माणसं कायम जवळ लागतात, आणि सर्वांत जवळची माणसं म्हणजे भाऊ, चुलते, पुतणे. त्यामुळे पुरुष भाऊबंद एकत्र राहतात आणि मुली बाहेर जातात. मुलीच्या वाट्याला जनावरं लावून दिली तर ती दुसऱ्या टोळीत जाणार, उद्या कदाचित शत्रूच्या कळपात मिसळणार. मुलाला दिलेली जनावरं मात्र भाऊबंदांतच राहतात, आणि त्यातलीच काही देऊन त्याच्यासाठी बायको आणता येते. देज, म्हणजे वधूमूल्य, जनावरांत मोजलं जाऊ लागलं की मोठ्या कळपवाल्याला तीन-चार बायका करता येतात, आणि गरीब तरुणाला लग्न करायचं तर आधी कुणाची तरी गुरं पळवावी लागतात. छापे, सूड, त्या सुडासाठी आणखी एकजुटीचे भाऊबंद, असं चक्र इथून सुरू होतं.

हे केवळ कल्पनेने रचलेलं नाही. आफ्रिकेतल्या बांतू भाषा बोलणाऱ्या समाजांचा तुलनात्मक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषांच्या वंशवृक्षावर समाजांची मांडणी करून त्यात दाखवलं होतं की आईकडून वंश मोजणाऱ्या समाजांत गुरं आली की ते समाज बापाकडून वंश मोजू लागण्याची शक्यता वाढते. एंगल्सचं सार्वत्रिक मातृसत्तेचं गृहीतक आज फारसं कुणी स्वीकारत नाही; कळपाबद्दलचं त्याचं निरीक्षण मात्र अजून तग धरून आहे.

याम्नाया लोकांकडे बैलगाड्या होत्या, मेंढ्या-गुरं होती, दूधदुभतं होतं. व्होल्गा नदीकाठच्या त्यांच्या टेकाडांखाली प्रामुख्याने प्रौढ पुरुष पुरलेले आहेत. पश्चिमेला युक्रेनकडे हे प्रमाण बरंच समतोल आहे. त्यांच्या वंशजांच्या मध्य युरोपातल्या थडग्यांत पुरुषाला उजव्या कुशीवर आणि स्त्रीला डाव्या कुशीवर निजवण्याची पद्धत इतकी ठाम दिसते की, माणूस कोण होता यापेक्षा पुरुष होता की स्त्री हेच मरणानंतर आधी ठरत असावं. याच काळातल्या जर्मनीतल्या ऑयलाउ इथे सुमारे ४,६०० वर्षांपूर्वी मारल्या गेलेल्या १३ जणांना काळजीपूर्वक पुरलं आहे. दातांतल्या रसायनांवरून कळलं की पुरुष आणि मुलं तिथलीच होती, बायका मात्र लहानपणी दुसऱ्या भागात वाढलेल्या होत्या.

स्पेन-पोर्तुगालमध्ये इसवी सनपूर्व २००० पर्यंत या नव्या वंशाचा वाटा सुमारे ४० टक्के झाला, पण बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र जवळजवळ सगळं बदललं. हा २०१९ चा निष्कर्ष वाचून स्थानिक पुरुषांची सरसकट कत्तल झाली, असं चित्र पुष्कळांनी रंगवलं. काही शतकांत बलाढ्य घराण्यांच्या मुलग्यांना अधिक बायका आणि अधिक संतती मिळत गेली, तरी असाच परिणाम दिसतो. कत्तलीचा पुरावा त्या आकड्यात नाही. स्त्रियांच्या दृष्टीने पाहिलं तर दुसरी शक्यताही काही कमी बोचरी नाही.

या समाजरचनेचा सर्वांत स्पष्ट नकाशा अलीकडे हंगेरीत मिळाला. सहाव्या शतकात पूर्वेकडच्या मैदानांतून तिथे आलेल्या अवार लोकांच्या चार दफनभूमींतल्या ४२४ जणांचा डीएनए तपासून २०२४ मध्ये त्यांचे वंशवृक्ष मांडले गेले. एक वृक्ष तर नऊ पिढ्यांचा आहे. त्यात वंश पूर्णपणे बापाकडून चालतो. मुलगे तिथेच राहतात, तिथेच पुरले जातात. मुलं झालेल्या बायका जवळजवळ सगळ्या बाहेरून आलेल्या, त्यांचे आईबाप त्या दफनभूमीत नाहीत. आणि एकाच स्त्रीला दोन भावांपासून, किंवा बाप आणि त्याच्या दुसऱ्या बायकोच्या मुलापासून मुलं झाल्याची उदाहरणं आहेत, म्हणजे नवरा वारल्यावर तिला त्याच घरात ठेवून घेतलेलं होतं. विखुरलेल्या वस्त्यांना एकमेकींशी जोडणारा धागा या सुनाच होत्या. त्यांच्याविना तो समाज उभा राहिला नसता, तरी तिथल्या एकाही वंशाचा प्रारंभ स्त्रीपासून मोजलेला नाही.

विधवेला घरातच ठेवून घेण्याची ही चाल चीनपासून हंगेरीपर्यंत भटक्या टोळ्यांत होती. तिने विधवेला आसरा मिळे, हे खरं. उपासमारीच्या मैदानावर एकटी बाई आणि तिची पोरं जगणं अवघड होतं. पण निवड तिची नव्हती. इसवी सनपूर्व ३३ मध्ये हान दरबाराने वांग झाओजून या तरुणीला उत्तरेकडच्या भटक्या शिओंग्नू टोळ्यांच्या प्रमुखाशी लग्न करण्यासाठी पाठवलं. दोन वर्षांत तो वारला आणि त्याच्या दुसऱ्या बायकोच्या मुलाने तिच्यावर हक्क सांगितला. तिने माहेरी परतायची परवानगी मागितली. चिनी सम्राटाकडून उत्तर आलं, तिथल्या चालीप्रमाणे वाग.

मंगोलांबद्दल आपल्याला अधिक तपशील मिळतो, कारण तेराव्या शतकात त्यांच्याकडे युरोपातून भिक्षू गेले आणि त्यांनी पाहिलेलं लिहून ठेवलं. १२५३ ते १२५५ च्या प्रवासात विल्यम ऑफ रुब्रुकने कामांची वाटणीच नोंदवली आहे. गाड्या हाकणं, तंबू चढवणं-उतरवणं, गाई दोहणं, लोणी काढणं, कातडी कमावणं आणि शिवणं बायकांकडे. धनुष्यबाण, खोगीर, घोडे आणि घोडीचं दूध काढणं पुरुषांकडे. बायको मिळवायची तर विकत घ्यावी लागते, आणि योग्य किंमत येईपर्यंत आईबाप मुलीला ठेवून घेतात, असंही तो लिहितो. वस्तीचा रोजचा सगळा कारभार बायकांच्या हातात होता. पुरुष महिनोन्महिने मोहिमेवर जाऊ शकत, ते याच कामाच्या बळावर. पण श्रम कोण करतं आणि ठरवतं कोण, यांचा मेळ तिथेही नव्हता.

चंगीझखानाच्या घराण्याची कथा तर अपहरणातूनच सुरू होते. त्याचा बाप येसुगेई याने होएलुन हिला तिच्या नवऱ्याच्या गाडीतून पळवलं. तो नवरा मेर्किट टोळीचा होता. मंगोलांच्या स्वतःच्या जुन्या बखरीत तो प्रसंग आहे: पाठलाग करणारे दिसताच होएलुनने नवऱ्याला पळून जीव वाचवायला सांगितलं आणि आठवण म्हणून अंगातला सदरा काढून त्याच्याकडे फेकला. काही वर्षांनंतर मेर्किटांनी सूड घेतला तो होएलुनच्या सुनेवर. तेमुजिनच्या, म्हणजे पुढच्या चंगीझखानाच्या, बायकोला बोर्तेला त्यांनी उचलून नेलं आणि होएलुनच्या आधीच्या नवऱ्याच्या भावाला दिलं. तेमुजिनने फौजा जमवून तिला परत आणलं. त्यानंतर जन्मलेल्या जोचीला त्याच्या सख्ख्या भावाने, चगताईने, वारसाची चर्चा चालू असताना बापासमोर मेर्किटांची अवलाद म्हटलं. दोन टोळ्यांतला हिशोब दोन बायकांच्या शरीरांवर फेडला गेला आणि त्याची झळ तिसऱ्या पिढीला लागली. पुढे तातारांचा पाडाव झाला तेव्हा गाडीच्या चाकाच्या खिळीपेक्षा उंच असलेल्या पुरुषांना मारायचं आणि उरलेल्यांना वाटून घ्यायचं ठरलं. चंगीझखानाने दोन तातार बहिणी स्वतःसाठी ठेवल्या.

मग धनुर्धारी स्त्रियांचं काय? त्या होत्या, यात शंका उरलेली नाही. सिथियन काळातल्या बायकांच्या कित्येक थडग्यांत बाण, भाले, खंजीर मिळाले आहेत. सायबेरियातल्या तुवा प्रदेशात योद्धा मुलगा म्हणून ओळखलेला एक मृतदेह २०२० मध्ये डीएनए तपासल्यावर तेरा वर्षांच्या मुलीचा निघाला. घोडा आणि धनुष्य यांमुळे ताकदीचा फरक कमी होतो, पुरुष दूर गेल्यावर कळप कुणीतरी राखावाच लागतो, म्हणून मुलींनाही हत्यार शिकवलं जाई. अथेन्समधल्या घरात कोंडलेल्या बाईपेक्षा मैदानावरची बाई कितीतरी मोकळी होती. भारताकडे पाहिलं तरी अशी दोन टोकं दिसतात. पशुपालकांच्या जगातून आलेल्या ऋग्वेदात लढाईत पाय गमावलेली आणि अश्विनांनी धातूचा पाय दिलेली विश्पला आहे, आणि विवाहसूक्तात नववधूला दहा पुत्र व्हावेत ही प्रार्थनाही आहे. पुढची पडदा, सती, बालविवाह यांची वाढ मात्र स्थिर शेतीच्या आणि जातीबद्ध समाजात झाली. तिचं खापर मैदानातल्या स्वारांवर फोडणं अन्यायाचं होईल.

हत्यार चालवता येणं आणि कळपावर, मुलांवर, स्वतःच्या लग्नावर हक्क असणं या वेगळ्या बाबी होत्या, हे सर्वांत उघड दिसतं ते सत्तेच्या शिखरावर. चंगीझखानाचा मुलगा आणि वारस ओगेदेई खान याच्यानंतर त्याची विधवा तोरेगेने हिने १२४१ पासून पाच वर्षं जगातलं सर्वांत मोठं साम्राज्य चालवलं, आणि मग ते आपल्या मुलाच्या, गुयुकच्या हाती दिलं. सोर्खाखतानी बेकी ही चंगीझखानाच्या धाकट्या मुलाची, तोलुईची विधवा. ओगेदेईने तिचं लग्न गुयुकशी लावायचं म्हटलं तेव्हा मुलांना वाढवायचंय असं सांगून तिने ते शिताफीने टाळलं. १२५१ मध्ये तिचा मोंके महाखान झाला; कुबलाई आणि हुलागू हेही तिचेच मुलगे. त्यानंतर गुयुकच्या विधवेवर, ओगुल काइमिशवर, जादूटोण्याचा आरोप ठेवण्यात आला. तिनेही सोर्खाखतानीसारखाच राज्यकारभार पाहिला होता, पण गादीच्या लढाईत तिचे मुलगे हरले होते. तिला नमद्यात गुंडाळून नदीत बुडवण्यात आलं.