न्यूयॉर्क आणि शिकागो : घरामागच्या गल्लीने पाडलेला फरक

गगनचुंबी इमारतींची दाटी, रस्त्यांच्या डोक्यावरून धडधडत जाणारी गाडी, बोचरा हिवाळा आणि जागोजागी पिझ्झाची दुकाने एवढ्याच खुणा हाती असतील, तर छायाचित्र न्यूयॉर्कचे की शिकागोचे, हे सांगताना अनेकांची गफलत होते. शिकागो म्हणजे थोडे लहान आणि थोडे स्वस्त न्यूयॉर्क, अशी समजूत आपल्याकडेही सहज ऐकू येते. शिकागोत घरभाडे कमी आहे हे खरे. पण बाकीची समजूत चुकीची आहे, कारण या दोन शहरांतला महत्त्वाचा फरक इमारतींच्या उंचीत नसून त्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत तिच्या आखणीत आहे.

आधी दाटी पाहू. २०२० च्या जनगणनेनुसार न्यूयॉर्क शहरात सुमारे ८८ लाख माणसे जवळपास ७८० चौरस किलोमीटर जमिनीवर राहत होती, तर शिकागोत सुमारे साडेसत्तावीस लाख माणसे ५९० चौरस किलोमीटरवर. म्हणजे चौरस किलोमीटरमागे न्यूयॉर्कमध्ये अकरा हजारांहून अधिक आणि शिकागोत साडेचार हजारांच्या आसपास माणसे होतात. हे आकडे पाहून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन विभागातले मनोरे डोळ्यांसमोर येतात. पण खरी तुलना ब्रुकलिनशी करावी. न्यूयॉर्कच्या पाच विभागांपैकी ब्रुकलिन या एकाच विभागाची लोकसंख्या जवळजवळ संपूर्ण शिकागोएवढी आहे आणि ती शिकागोच्या एक तृतीयांशाहूनही कमी जमिनीवर मावते. ब्रुकलिनचा बराच भाग तीन ते सहा मजली घरांचा आहे. दाटी मनोऱ्यांमुळे होते हा समज येथेच गळून पडतो, कारण भिंतीला भिंत लावून बांधलेली मध्यम उंचीची घरे मैलोगणती पसरली की ती उंच इमारतींच्या तोडीची माणसे सामावून घेतात. अर्थात सरासरी फसवीही असते. न्यूयॉर्कचाच स्टेटन आयलंड हा विभाग शिकागोच्या सरासरीहून विरळ आहे, आणि शिकागोचा मिशिगन सरोवराकाठचा उत्तर भाग मात्र ब्रुकलिनच्या जवळपास जाणारा दाट आहे.

आता आखणी. मॅनहॅटनचे रस्ते १८११ च्या आराखड्याने ठरवले आणि त्यात घरांच्या मागच्या बाजूला गल्ली ठेवली नाही. शिकागोची पहिली आखणी १८३० मध्ये, कालव्यासाठी मिळालेल्या जमिनीचे भूखंड विकण्याकरिता झाली आणि तिच्यात सुरुवातीपासून मागची गल्ली होती. गंमत अशी की भूखंडाची नेहमीची रुंदी दोन्हीकडे तीच, २५ फूट. पुढून मागपर्यंतची लांबी मात्र मॅनहॅटनमध्ये १०० फूट आणि शिकागोत १२५ फूट. दोन घरांमधली घरगल्ली मुंबईच्या जुन्या चाळी पाहिलेल्या वाचकाला ठाऊक असते. शिकागोची गल्ली तिच्यासारखीच पाठीमागच्या कामांची, पण गाडी जाईल एवढी रुंद आणि सार्वजनिक आहे. अशा गल्ल्यांची तेथील एकूण लांबी सुमारे १९०० मैल भरते.

या एका गल्लीने केवढा फरक पडतो, हे कचऱ्यावरून चटकन कळते. शिकागोत कचऱ्याचे डबे, विजेचे खांब, गाडी ठेवण्याची पडवी हे सारे मागे जाते, आणि पुढच्या रस्त्यावर झाडे, अंगणाचा लहानसा पट्टा आणि पायऱ्या उरतात. न्यूयॉर्कमध्ये मागे गल्लीच नसल्यामुळे कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचे ढीग पदपथावर लागत आले. नऊपर्यंत बिऱ्हाडे असलेल्या इमारतींना झाकणाचे डबे वापरण्याची सक्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. मोठ्या इमारतींचे डबे कोठे ठेवायचे हा प्रश्न त्याहून अवघड आहे, कारण त्यासाठी रस्त्याकडेची गाड्यांची जागाच काढून घ्यावी लागते. शिकागोची उन्नत रेल्वे १८९२ मध्ये सुरू झाली तीही दक्षिण भागात अशाच गल्लीवरून नेलेली होती. रस्त्यावर रूळ टाकायचे तर तेथील मालमत्ताधारकांची संमती लागे, गल्लीवर ती अडचण टळली. न्यूयॉर्कची उन्नत रेल्वे मात्र थेट मोठ्या रस्त्यांवर उभी राहिली आणि मॅनहॅटनमध्ये तिची जागा पुढे बहुतांशी भुयारी रेल्वेने घेतली.

राहणीचा फरकही येथूनच निघतो. शिकागोचे खरे घर म्हणजे दोन किंवा तीन मजल्यांची विटांची इमारत, प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड, मागे लाकडी जिना आणि सज्जा. पुष्कळदा मालक एका मजल्यावर राहतो आणि दुसऱ्याच्या भाड्यातून कर्ज फेडतो. कामगार कुटुंबांना घरमालक होण्याची ही वाट होती. आज सधन वस्त्यांत अशा दोन बिऱ्हाडांचे एक प्रशस्त घर करण्याची रीत वाढली आहे आणि दक्षिण व पश्चिम भागांत मोकळे भूखंड पडून आहेत. १९५० मध्ये ३६ लाखांवर असलेली वस्ती आजच्या आकड्यावर येण्यामागे हीही कारणे आहेत. वस्ती घटली तरी घरे महाग होऊ शकतात, ही गोष्ट मला या शहराच्या कहाणीत सर्वांत क्लेशदायक वाटते. न्यूयॉर्कमध्ये निम्म्याहून अधिक कुटुंबांकडे गाडी नाही, शिकागोत हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे रात्रभर चालते, तर शिकागोत केवळ लाल आणि निळा हे दोन मार्ग. याच्या मोबदल्यात शिकागोकराला सुमारे चाळीस किलोमीटरचा सरोवरकाठ मिळतो, जो बहुतेक सगळा लोकांसाठी खुला राखलेला आहे.

आणि खाणे. न्यूयॉर्कचा पिझ्झा पातळ, रुंद, तुकड्यावर विकला जाणारा आणि मधोमध दुमडून चालता चालता खाण्याजोगा आहे. असे दुकान चालायचे तर दारावरून दिवसभर पायी माणसे जावी लागतात, कारण भाडे प्रचंड आणि जागा उभे राहण्यापुरती. शिकागोचा खोल परातीतला पिझ्झा १९४३ च्या सुमारास आला. तो भाजायला अर्धा ते पाऊण तास लागतो, सुरी-काट्याने खावा लागतो आणि त्यासाठी टेबल, खुर्ची व सवड हवी असते. अर्थात तो बऱ्याच अंशी पाहुण्यांसाठीचा पदार्थ आहे. शिकागोकराचा रोजचा पिझ्झा म्हणजे वस्तीतल्या मद्यगृहात मिळणारा, कुरकुरीत पातळ आणि चौकोनी तुकड्यांत कापलेला. ही गोष्ट बाहेरच्यांना क्वचितच सांगितली जाते. हॉटडॉगचेही तसेच. न्यूयॉर्कमध्ये हातगाडीवरच्या पावावर मोहरीची चटणी आणि आंबवलेला कोबी किंवा कांदा पडला की झाले. शिकागोत खसखस लावलेल्या पावात मोहरी, कांदा, काकडीची गोडसर हिरवी चटणी, टोमॅटो, लोणच्याची काकडी, तिखट मिरच्या आणि सेलरीचे मीठ असा पूर्ण साज लागतो, आणि केचप घालणे तेथे अशिष्ट समजतात.

दोन्ही शहरांतल्या भारतीय किराण्याच्या पेठांतही हाच फरक दिसतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागातल्या जॅक्सन हाइट्सला पाच रेल्वेमार्ग एकाच स्थानकात येतात, त्यामुळे भाकरीचे पीठ आणि कढीपत्ता घेऊन माणूस पिशवीसह गाडीत चढतो. शिकागोची डेव्हन अॅव्हेन्यू रेल्वे स्थानकापासून दूर आहे. तेथे उपनगरांतली कुटुंबे स्वतःच्या गाडीने येतात, महिन्याचे सामान डिकीत भरतात आणि जेवूनच परततात.