माळरानावरच्या झाडाझुडपांचं वजन : पार्श्वभूमी

झाड न तोडता त्याचं वजन काढायची गरज माळरानावर उशिरा भासली. जंगलखात्याचे जुने तक्ते मुख्यतः इमारती लाकडाचे आणि घनफुटांचे. बोर, तरवड, करवंदीच्या जाळ्या यांना त्यात फारशी जागा नव्हती. चित्र पालटलं १९७० च्या दशकात. आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यात दुष्काळ पडला, १९७३ मध्ये तेल भडकलं आणि गरिबाच्या चुलीला लागणाऱ्या सरपणाचा हिशोब जगभर मांडला जाऊ लागला. सरपण बाजारात वजनावर किंवा मोळीवर विकलं जातं, घनफुटांवर नाही.

पद्धत ठरून गेली. थोडी झाडं तोडायची, जागेवरच ओली तोलायची, नमुन्याचे तुकडे भट्टीत वाळवून कोरडं वजन काढायचं आणि त्याचं खोडाच्या व्यासाशी नातं बसवायचं, म्हणजे व्यासावरून वजन देणारं सूत्र काढायचं. पुढे फक्त टेप पुरते. १९९७ मध्ये कोरड्या उष्ण प्रदेशासाठी जे सूत्र जगभर पसरलं, ते भारतातल्या अवघ्या २८ झाडांवर बेतलेलं होतं, आणि तीही ५ ते ४० सेंमी व्यासाची. त्यानुसार १० सेंमीचं झाड कोरडं सुमारे २८ किलो भरतं, २० सेंमीचं सुमारे १४२. व्यास दुप्पट झाला की वजन जवळपास पाचपट. ९०० मिमीच्या आत पाऊस असेल तर मेक्सिकोतल्या झाडांवरून काढलेलं वेगळं सूत्र सुचवलं होतं. म्हणजे माण-खटावच्या बाभळीला मेक्सिकोचं माप.

खरा वाद मात्र टेप कुठे लावायची, याचा. छातीची उंची, म्हणजे युरोपात १.३ मीटर आणि आपल्याकडे १.३७ मीटर, ही सरळ खोडाच्या झाडांसाठी ठरलेली. बोरीचं झुडूप तिथवर पोचेपर्यंत त्याचे पाच-सहा फाटे झालेले असतात, त्यातले बरेच ५ सेंमीहून बारीक. काहींनी जमिनीपासून १० सेंमीवर मोजलं, काहींनी ३० वर. खाली मोजावं तर बुंधा फुगलेला आणि काट्यांत हात घालायचा. वर मोजावं तर फाटे सुटतात.

फाट्यांची बेरीज कशी करायची, हा आणखी वेगळा प्रश्न. प्रत्येकी १० सेंमीचे तीन फाटे घ्या. तिन्हींना वेगवेगळं सूत्र लावून बेरीज केली तर ८५ किलो. व्यासांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं तर १७.३ सेंमी आणि सुमारे १०० किलो. व्यास नुसते मिळवून ३० सेंमी धरले तर ३६३ किलो! झुडूप तेच, टेप तीच. तिसरी रीत उघड चूक आहे. पहिल्या दोन्ही चालतात, पण सूत्र ज्या रीतीने बसवलं तीच मोजताना पाळावी लागते. नेमकी हीच नोंद अनेक जुन्या तक्त्यांत सापडत नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत महागात पडलेली हयगय हीच.

कारण पुढे सरपणाच्या हिशोबाची जागा झाडांत साठलेल्या कार्बनच्या हिशोबाने घेतली आणि वजनाला पैशाचं मोल आलं. पूर्वी कोरड्या वजनाचा निम्मा भाग कार्बन धरत असत; संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या (आयपीसीसी) २००६ च्या मार्गदर्शिकेत झाडांसाठी तो ०.४७ वर आला. त्याच मार्गदर्शिकेत उष्ण कोरड्या जंगलाच्या मुळांचं जमिनीवरच्या वजनाशी प्रमाण, ते वजन हेक्टरी २० टनांच्या आत असेल तर ०.५६ धरलंय, त्याहून जास्त असेल तर ०.२८. विरळ रानातलं वजन जमिनीखालीही बरंच असतं, हे त्यातून मान्य झालं.

गेल्या काही वर्षांत उपग्रह आले. २०२० मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या सहारा-साहेल भागात १८० कोटींहून जास्त सुटी झाडं एकेक करून मोजली गेली, २०२३ पर्यंत आफ्रिकेच्या कोरड्या पट्ट्यातला आकडा ९९० कोटींवर गेला. उपग्रहाला खोड दिसत नाही, दिसतो तो झाडाचा घेरा, म्हणजे फांद्या-पानांचा पसारा. त्यामुळे दोन आडव्या दिशांनी घेरा मोजायची झुडपांची जुनी रीत आता मुख्य माप झाली आहे. पण शेळ्यांसाठी दरवर्षी डहाळ्या तोडलेल्या बाभळीचं खोड जाड आणि घेरा लहान असतो. खोडावरून तिचं वजन जास्त निघतं, घेऱ्यावरून कमी. अशा झाडांसाठी वेगळी सूत्रं बसवावी लागतात, आणि त्यासाठी पुन्हा झाडं तोडून तोलावीच लागतात.