कावापान (ऑकलंड)

कावा हे पॅसिफिक बेटांवरचे पारंपरिक पेय. ‘पायपर मेथिस्टिकम’ या झुडपाची मुळे कुटून, थंड पाण्यात कोळून आणि गाळून ते तयार करतात. गनिमी काव्यातला कावा किंवा काश्मिरी कहवा यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. नाते आहे ते विड्याच्या पानाशी. नागवेल, मिरी आणि पिंपळी ज्या ‘पायपर’ प्रजातीतल्या, त्याच प्रजातीतले हे झुडूप आहे. ते बियांपासून उगवत नाही. छाट कलमे लावूनच वाढवावे लागते. त्याची लागवड व्हानुआतूमध्ये सुरू झाली असे मानतात आणि तिथून ते फिजी, टोंगा, सामोआ, हवाईपर्यंत गेले. फिजीत त्याला यांगोना म्हणतात, सामोआत आवा, मायक्रोनेशियातल्या पोह्नपेई बेटावर साकाउ. फिजीतल्या भारतीयांच्या बोलीत ते ‘नगोना’ किंवा सरळ ‘ग्रॉग’ होते.

कावा आंबवत नाहीत, त्यामुळे त्यात मद्यार्क नसतो. गुण येतो तो कावालॅक्टोन या द्रव्यांमुळे. वाळलेल्या मुळात त्यांचे प्रमाण ३ ते २० टक्के असते. प्रमुख कावालॅक्टोन ६ आहेत आणि त्यांच्या कमी-अधिक मिश्रणावर प्रत्येक वाणाचा स्वभाव ठरतो. पहिल्या दोन-चार मिनिटांत जीभ आणि ओठ बधिर होतात, मग खांदे-मान सैल पडतात, बोलणे हळू आणि मोकळे होते.

ऑकलंडमध्ये कावा कुठे मिळतो

ऑकलंड हे जगातले सर्वांत मोठे पॉलिनेशियन शहर समजले जाते. टोंगा, सामोआ आणि फिजीहून आलेली कुटुंबे मुख्यतः दक्षिण ऑकलंडमध्ये राहतात आणि कावाही तिथेच शोधावा. ओटाराचा शनिवार सकाळचा बाजार, ओटाहुहू आणि मांगेरे इथली बेटांच्या मालाची दुकाने आणि फिजी-भारतीयांची किराणा दुकाने ही भरवशाची ठिकाणे. १८७९ ते १९१६ या काळात गिरमिटिया म्हणजे करारबद्ध मजूर म्हणून फिजीत नेलेल्या भारतीयांच्या वंशजांपैकी अनेकजण १९८७ च्या लष्करी उठावांनंतर न्यूझीलंडला आले आणि नगोनाची सवय सोबत घेऊन आले. म्हणून डाळ-तांदूळ-मसाल्यांच्या मांडणीशेजारी कावाची पुडी दिसली तर नवल नाही. ऑकलंडमधल्या मराठी माणसाची कावाशी पहिली ओळख बहुधा अशाच दुकानात होते.

पुडी घेताना चार गोष्टी विचाराव्यात. देश कोणता? मुळाचा कोणता भाग? वाण कोणता? दळण कसे? फिजीच्या मालात ‘वाका’ म्हणजे बारीक बाजूची मुळे, ती जास्त तेज. ‘लेवेना’ म्हणजे खोडाखालचा जाड गड्डा, तो सौम्य. देठ आणि सालीची भुकटी घेऊ नये. वाणांत ‘नोबल’, म्हणजे नेहमी पिण्याच्या, गटातलेच घ्यावेत. ‘टूडे’ नावाच्या वाणांची सुस्ती नावाप्रमाणे दोन दिवस उतरत नाही आणि मळमळही होते. व्हानुआतूने २००२ च्या कायद्याने त्यांची निर्यात रोखली. शंका असेल तर चमचाभर भुकटी काचेच्या छोट्या बाटलीत तिच्या तिप्पट-चौपट ॲसिटोनमध्ये हलवून ठेवतात. वरचा द्रव पिवळा राहिला तर माल बहुधा नोबल, नारिंगी-लालसर झाला तर टूडे किंवा भेसळ. ही चाचणी ढोबळ आहे आणि तो नमुना नंतर फेकूनच द्यायचा. चांगल्या भुकटीला माती आणि मिरीचा मिळून वास येतो. कुबट वास किंवा ओलसर गुठळ्या म्हणजे बुरशी.

भाव एकाएकी चढलेला दिसला तर बहुधा त्यामागे वादळ असते. फेब्रुवारी २०१६ मध्ये विन्स्टन चक्रीवादळाने फिजीतली लागवड आडवी केली. झुडूप काढणीला यायला ३ ते ५ वर्षे लागत असल्याने असा तुटवडा एका हंगामात भरून निघत नाही.

बनवण्याची रीत

दोघांसाठी ५० ग्रॅम मध्यम दळलेली भुकटी आणि पाऊण लिटर पाणी पुरते. नारळाचे दूध काढता येणाऱ्याला ही कृती नव्याने शिकावी लागत नाही. भुकटी मलमलीच्या फडक्यात किंवा बारीक जाळीच्या पिशवीत बांधावी, पसरट भांड्यातल्या पाण्यात १० मिनिटे भिजू द्यावी आणि मग पाण्याखालीच ८ ते १० मिनिटे कणीक मळल्यासारखी दाबत राहावी. कावालॅक्टोन पाण्यात फारसे विरघळत नाहीत. मळण्यानेच ते चोथ्यातून सुटून पाण्यात तरंगतात. नुसती पिशवी बुडवून ठेवली तर रंगीत पाणी मिळेल, कावा नाही. पुरेसे मळले की बोटांना किंचित तेलकटपणा लागतो आणि पाणी गढूळ, भुरकट मातकट होते. पिशवी घट्ट पिळावी. नारळाच्या दुसऱ्या दुधासारखा याचाही अर्ध्या पाण्यात दुसरा हात निघतो. तो पहिल्यात मिसळावा.

पाणी थंड किंवा फार तर कोमट. उकळते पाणी ओतणे ही नवख्यांची नेहमीची चूक. मुळात पिष्ट भरपूर असते, ते खळीसारखे फुगते, फडके तुंबते आणि हाती चिकट लापशी येते. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या अन्नसंहितेतही पेय म्हणून मान्यता आहे ती फक्त थंड पाण्यात केलेल्या कावाला. बाजारात पिठाइतकी बारीक भुकटीही मिळते, ती न गाळता ढवळून पितात. सोय आहे, पण तंतू पोटात जातो आणि नाजूक पोट बिघडते. केलेला कावा त्याच दिवशी संपवावा. प्रत्येक वाटीआधी तळापासून ढवळणे जरुरीचे, नाहीतर पहिल्याला पाणी आणि शेवटच्याला गाळ मिळतो.

चव कडवट, मातकट असते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सुमारे १०० मिलिलिटरची वाटी एका दमात रिकामी करावी आणि वर अननसाची फोड, केळे किंवा बिस्किट खावे. फिजी-भारतीय बैठकीत या तोंडी लावण्याला ‘चेसर’ म्हणतात. पोट रिकामे असावे, जेवण होऊन ३-४ तास उलटलेले असावेत. भरल्या पोटी असर उशिरा आणि अर्धाच होतो. नवख्याला पहिल्या एक-दोन वेळी काहीच जाणवत नाही असे पुष्कळदा घडते. तेव्हा वाट्या वाढवत गेल्यास गुंगीऐवजी उलटी होते. पहिल्या दिवशी तीन-चार वाट्या, मध्ये १५-२० मिनिटांचे अंतर, एवढ्यावर थांबावे.

बैठक

एकट्याने घरी पिता येतो, पण कावाची खरी जागा बैठकीत आहे. टोंगन लोक तिला ‘फाइकावा’ म्हणतात. ऑकलंडमध्ये ती चर्चच्या सभागृहात, क्लबात किंवा घराच्या गॅरेजमध्ये चटया अंथरून भरते आणि मध्यरात्रीपलीकडे चालते. मध्ये लाकडी पायांचे पसरट भांडे असते. टोंगन त्याला कुमेते म्हणतात, फिजियन तानोआ. नारळाच्या करवंटीची वाटी, म्हणजे फिजियन ‘बिलो’, हातोहात फिरते. गिटार, गाणी, गावाकडच्या बातम्या, कुणाच्या मुलाच्या शाळेच्या फीसाठी वर्गणी, सगळे तिथेच होते. परंपरेने टोंगन बैठक पुरुषांची; वाढणारी ‘तोउआ’ तेवढी स्त्री, आणि तीही हजर पुरुषांच्या नात्यातली नसावी असा दंडक. शहरात आता स्त्री-पुरुषांच्या मिश्र बैठकाही होतात, पण कुणाच्या बैठकीला जायचे ते आधी विचारून घ्यावे.

आमंत्रण मिळवणे अवघड नाही. कामावरच्या टोंगन किंवा फिजियन सहकाऱ्याला विचारले तर तो आनंदाने नेतो. रिकाम्या हाताने जाऊ नये. पाव किलोची पुडी न्यावी. चपला बाहेर, मांडी घालून बसणे, भांड्यावरून किंवा कुणाच्या पायांवरून ओलांडून न जाणे, हे मराठी घरात वाढलेल्याला सांगावे लागत नाही. फिजियन रीतीत वाटी घेण्याआधी ओंजळीसारखे तळवे वळवून एक खोल टाळी द्यायची, ‘बुला’ म्हणायचे, घोट न घेता एकदम प्यायचे आणि वाटी परत करून तीन टाळ्या. कमी हवा असेल तर ‘लो टाइड’ म्हणावे, काठोकाठ हवा असेल तर ‘हाय टाइड’. नको असेल तेव्हा नम्रपणे हात जोडले तरी पुरते.

काळजी

दारूबरोबर, झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्यांबरोबर आणि पॅरासिटामॉलबरोबर कावा घेऊ नये. यकृताचा विकार असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तो टाळावा. यकृताच्या तक्रारींवरून जर्मनीने २००२ मध्ये कावायुक्त औषधांवर बंदी घातली; २०१४ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती अयोग्य ठरवली. तक्रारी मुख्यतः गोळ्या आणि अर्कांबाबतच्या होत्या, पाण्यात कोळलेल्या पेयाबाबतच्या नव्हेत. तरीही यकृताबाबत सावधगिरी सोडू नये.

मोठ्या बैठकीनंतर गाडी चालवू नये. डोके स्वच्छ वाटते, पण पाय आणि नजर मागे रेंगाळतात. वायकाटो विद्यापीठातले अपो अपोरोसा यांनी सहा तासांच्या बैठकीत सुमारे ३.६ लिटर कावा प्यायलेल्यांची तपासणी केली, तेव्हा प्रतिसादाचा वेग फारसा घटला नव्हता, मात्र घटनांचा क्रम ओळखण्याची क्षमता मंदावलेली आढळली. म्हणून परतीची सोय आधीच ठरवावी आणि उठताना भिंतीचा आधार घेऊन सावकाश उठावे.

महिनोन्‌महिने रोज आणि भरपूर पिणाऱ्यांची कातडी कोरडी पडून खवल्यांसारखी सुटू लागते, आधी बहुधा नडगी, तळहात आणि पाठ. टोंगन, फिजियन म्हातारे ती लांबून ओळखतात. पिणे थांबवले की काही आठवड्यांत त्वचा पूर्ववत होते.